तेलाच्या दोन खुणा : बैलगाडीच्या वंगणापासून मोटारीच्या चेंबरपर्यंत

१/
इंजिनात तेल कमी पडले तर इंजिन जाते, हे सर्वांना ठाऊक असते. तेल जास्त झाले तरी इंजिन जाऊ शकते, हे मात्र अनेकांना पटत नाही. 'चार थेंब जास्तच असू देत' हे वाक्य जयसिंगपूरच्या गॅरेजांत जितके ऐकू येते, तितकेच सांगलीत, मिरजेत आणि कोल्हापुरातही. त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. या वाक्याला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या बऱ्याच भागात ते वाक्य खरे होते.

२/
जयसिंगपूर ही आखून वसवलेली पेठ. राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जनक पिता, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांच्या नावाने ती मिरज-कोल्हापूर लोहमार्गाच्या कडेला उभी केली. सरळ रस्ते, काटकोनात मिळणाऱ्या आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, हाताशी रेल्वेचे स्थानक. लोहमार्ग १८९१ सालीच सुरू झाला होता. आगगाडी होती, तरी शिरोळ तालुक्यातील माल पेठेपर्यंत पोहोचत होता तो बैलगाडीने. म्हणून तेलाची ही गोष्टही बैलगाडीपासूनच सुरू होते.

३/
बैलगाडीच्या आखाला वंगण लागते. गाडीखाली बांबूची एक नळकांडी लोंबत असे. तिच्यात एरंडेलात मुरलेल्या चिंध्या. चाक काढायचे, आखाला वंगण फासायचे, चाक पुन्हा चढवायचे. या व्यवहारात 'जास्त' असे काही नसतेच. जास्त झालेले वंगण तुंब्याच्या कडेने बाहेर येते, धूळ धरते, काळी कड तयार होते आणि वाटेत गळून जाते. कमी झाले तर मात्र आख करकरतो, तापतो, लाकूड झिजते आणि बैलांच्या खांद्यावर भार येतो. चूक करायचीच तर ती जास्तीच्या बाजूने करावी, हे शहाणपण गाडीवानाने अनुभवाने मिळवलेले होते. त्यात खोट काढायला जागा नाही.

४/
आगगाडीने हे शहाणपण मोडले नाही, उलट पक्के केले. वाफेच्या इंजिनाचा चालक लांब चोचीची तेलाची झारी घेऊन स्थानकात उतरत असे आणि दांड्यांच्या सांध्यांवरच्या वाट्या भरत असे. वाटीतली वात तेल हळूहळू आत पोहोचवी. काम झालेले तेल रुळांवर सांडून जाई. डब्यांच्या आखांच्या पेट्यांतही तेलात भिजवलेला सुताचा चोथा असे. रेल्वेची खरी भीती होती ती आख तापून पेट घेण्याची, म्हणजे तेल संपण्याची. एकदा वापरून तेल गमावणारी ही पद्धत होती. जे आत साठतच नाही, ते जास्त कसे होणार?

५/
पहिल्या मोटारींनीही हीच रीत उचलली. चालकासमोर थेंब-थेंब तेल सोडणाऱ्या काचेच्या नळ्या असत. तेल सांध्यांत जाई, काही जळे, उरलेले रस्त्यावर पडे. मागे निळा धूर सोडणारी मोटार हे तेव्हा बिघाडाचे चिन्ह नव्हते. तेल पोहोचत असल्याची ती ग्वाही होती.

विमानांत तर ही रीत टोकाला गेली. १९०९ च्या सुमारास आलेल्या फ्रान्सच्या 'नोम' इंजिनात अख्खे सिलिंडर चाकासारखे फिरत. पेट्रोलात सहज न विरघळणारे तेल हवे, म्हणून त्यात एरंडेल वापरीत आणि ते फवाऱ्यासारखे बाहेर उडे. पहिल्या महायुद्धातील वैमानिकांच्या चेहऱ्यावर, कपड्यांवर आणि पोटातही हे एरंडेल जाई. त्याचा परिणाम काय होत असेल, हे ज्याच्या आजीने कधी एरंडेल पाजले आहे त्याला सांगायला नको. त्याच १९०९ साली चार्ल्स वेकफिल्ड यांच्या ब्रिटिश कंपनीने आपल्या नव्या तेलाला 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिले. ते 'कॅस्टर'वरून, म्हणजे एरंडावरून आलेले आहे. गाडीवानाच्या नळकांडीतला आणि वैमानिकाच्या टाकीतला पदार्थ मुळात एकच होता.

६/
वळण आले ते बंद पेटीमुळे. इंजिनाच्या खाली तेलाचे एक भांडे बसवायचे, तेल त्यातच साठवायचे आणि तेच पुन्हापुन्हा वर फिरवायचे, ही कल्पना रुळली. या भांड्याला आपले मेस्त्री 'चेंबर' म्हणतात. तेल वाया जाणे थांबले, पण एक नवाच प्रश्न जन्माला आला. भांड्याला तळ असतो, आणि त्याच भांड्याच्या वरच्या भागात क्रँकशाफ्ट फिरत असतो. तेलाला आता खाली जशी मर्यादा होती तशी वरही आली.

७/
ही वरची मर्यादा सर्वसामान्य माणसाला शिकवणाऱ्या पहिल्या यंत्रांत फोर्डच्या 'मॉडेल टी'चा मान मोठा. १९०८ ते १९२७ या काळात या मोटारी दीड कोटी निघाल्या. तिच्यात तेलाचा पंप नव्हता; फिरते फ्लायव्हील तेल उडवी आणि ते एका नळीतून पुढे जाऊन सांध्यांवर पडे. तेल मोजायला काडी नव्हती. त्याऐवजी फ्लायव्हीलच्या कवचाला खालच्या बाजूस दोन छोट्या तोट्या होत्या, एक खाली आणि एक वर. मोटारीखाली वाकून त्या उघडायच्या. खालच्या तोटीतून तेल आले नाही, तर तेल कमी आहे. वरच्या तोटीतूनही येऊ लागले, तर तेल जास्त आहे. योग्य पातळी या दोहोंच्या मध्ये.

आजच्या डिपस्टिकवरच्या दोन खुणा म्हणजे या दोन तोट्यांचेच वंशज. फोर्डच्याच पुढच्या 'मॉडेल ए'मध्ये, १९२७ च्या अखेरीस, तोट्या जाऊन काडी आली. कपडे मळेनासे झाले. एक गोष्ट मात्र हरवली. वरची तोटी उघडली की जास्तीचे तेल आपोआप निघून जाई. काडी नुसती खूण दाखवते. जास्तीचे तेल काढायचे, तर चेंबरचा बोल्टच सैल करावा लागतो, आणि तेवढे कष्ट कोण घेणार!

८/
वरच्या खुणेपलीकडे नेमके घडते काय?

मिनिटाला ३००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो. त्याची वजने तेलाच्या पृष्ठभागावर आपटू लागली, तर ताक घुसळल्यासारखे तेल घुसळले जाते. इंजिनाची काही ताकद त्यातच खर्ची पडते, तेल तापते आणि त्यात हवा मिसळून फेस होतो. खरा घात हा फेसच करतो. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा तेलाचा पापुद्रा असतो आणि सगळा भार तोच उचलतो. तेल दाबले जात नाही, म्हणून हे शक्य होते. हवा मात्र दाबली जाते. पंपाने तेलाऐवजी फेस ओढला की दाब घसरतो, पापुद्रा फाटतो आणि धातूवर धातू घासतो. चेंबर काठोकाठ भरलेला असतानाही इंजिन तेलावाचून मरते, हा या दुखण्यातला विरोधाभास.

दुसरा मार्ग धुराचा. उडालेले जादा तेल पिस्टनच्या रिंगा ओलांडून वर जाते, तेलाचे तुषार ब्रीदरच्या नळीतून हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये ओढले जातात, प्लग काळे पडतात आणि मागून निळा धूर निघतो.

तेल वाढले की चेंबरमध्ये दाब वाढून सील फुटतात, असेही नेहमी सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. चेंबर हा हवाबंद डबा नसतो; त्याला श्वास घ्यायला ब्रीदर असतो. तो मोकळा असेल, तर नुसत्या तेलाने दाब तसा चढत नाही. ब्रीदर तुंबलेला असेल आणि सील जुने असेल, तर मात्र गळती ठरलेली.

९/
आता पुन्हा कृष्णा-पंचगंगेच्या काठी यायला हवे, कारण या भागातील बहुसंख्य लोकांची इंजिनाशी पहिली ओळख मोटारीतून झालेली नाही. ती झाली पाण्याच्या पंपावर, पिठाच्या गिरणीत आणि गुऱ्हाळात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी उभी केली. याच घराण्याचा किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली पुण्यात निघाला. इकडे कोल्हापुरात म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या, हातातल्या कसबावर मोठ्या झालेल्या कारागिरांच्या पिढीने यंत्रे जुळवली, घडवली आणि शिवाजी उद्यमनगर ओतीव कामासाठी आणि इंजिनाच्या सुट्या भागांसाठी दूरवर माहीत झाले. 'लिस्टर', 'पीटर' ही मुळात इंग्लंडमधील कारखान्यांची नावे. इथे ती इंजिनाच्या जातीची नावे बनली.

१०/
इंग्लंडच्या लिस्टर कंपनीने १९२९ साली आणलेले मंदगती इंजिन या घराण्याचे मूळपुरुष म्हणावे असे. या घराण्यातले सहा अश्वशक्तीचे धूड मिनिटाला अवघे ६५० फेरे घेई, म्हणजे सेकंदाला जेमतेम अकरा. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला पळीसारखा एक भाग. दर फेऱ्याला ती पळी तेलात बुडायची आणि तेल उडवायची. तेल कमी झाले की पळी कोरडी फिरते आणि बेअरिंग जाते. तेल जास्त झाले, तर इंजिन धूर ओकते आणि झाकणाच्या कडेने गळते. खोलीची जमीन तेलकट होते, मालक कुरकुरतो, पण इतक्या मंद गतीला फेसाचे संकट फारसे उभे राहत नाही.

म्हणजे इथेही जुनाच न्याय लागू पडला : कमी तेलाची शिक्षा जबर, जास्त तेलाची शिक्षा किरकोळ. गाडीवानाच्या मुलाने पंपाचे इंजिन हाती घेतले, तेव्हा बापाचे शहाणपण बदलण्याचे काही कारणच त्याला दिसले नाही. उसाला पाणी देण्याच्या दिवसांत इंजिन बंद पडणे त्याला परवडणारे नव्हते. सांडलेले पावशेर तेल परवडत होते.

११/
डिझेल इंजिनाच्या जगात जास्तीच्या तेलाचा एक प्रकार मात्र पहिल्यापासून जीवघेणा होता, आणि तो चेंबरइतकाच हवेच्या फिल्टरमध्येही दडलेला होता.

जुन्या ट्रॅक्टरला आणि शेतीच्या इंजिनाला तेलाचा एअर फिल्टर असतो. खाली तेलाची वाटी. आत येणारी हवा त्या तेलावरून वळते आणि धूळ तेलात अडकते. उसाच्या फडातल्या धुळीसाठी ही उत्तम योजना होती. त्या वाटीलाही पातळीची एक खूण असते. ती ओलांडून तेल भरले, तर हवेच्या ओढीबरोबर तेलच सिलिंडरमध्ये जाऊ लागते.

डिझेल इंजिनाला ठिणगीची गरज नसते. दाबून तापलेल्या हवेत जे तेल येईल ते पेटते, मग ते डिझेल असो वा वंगणाचे तेल. वेगावर ताबा असतो तो आत जाणाऱ्या डिझेलच्या मापाने. दुसऱ्याच वाटेने इंधन मिळू लागले की हा ताबा सुटतो. इंजिनाचा आवाज चढत जातो. वेग वाढला म्हणून ओढ वाढते, ओढ वाढली म्हणून आणखी तेल आत येते. किल्ली फिरवा, डिझेलची नळी बंद करा, इंजिन थांबत नाही. ते थांबते एक तर तेल संपल्यावर, नाही तर हवा तोडल्यावर, नाही तर तुकडे झाल्यावर. अशा वेळी हवेच्या तोंडावर हात किंवा फडके धरणे हा अघोरी उपाय आहे. फडके आत खेचले जाते आणि हाताला इजा होते. जाणता मेस्त्री मजबूत फळीने तोंड बंद करतो, किंवा माणसे लांब हटवतो. चेंबर फार भरलेला असेल, तर ब्रीदरमार्गेही हेच घडू शकते.

१२/
मोटारींच्या बाबतीत जुनी सवय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खपून गेली, याचे कारण मजेशीर आहे. ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांची जुनी झालेली इंजिने तेल 'खात' असत. लांबच्या प्रवासाला निघणारा चालक डिकीत तेलाचा डबा ठेवी आणि पेट्रोलबरोबर तेलाचीही भर घाली. अशा इंजिनात अर्धा लिटर जास्त पडले, तरी काहीशे किलोमीटरांत ते जळून पातळी आपोआप खाली येई. म्हाताऱ्या इंजिनाची भूक चालकाची चूक पोटात घालत होती.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे चित्र पालटू लागले. इंजिन ७९६ सीसीचे, चेंबर लहान, गती जास्त, आणि बनावट इतकी नेटकी की दोन सर्व्हिसिंगांच्या दरम्यान तेलाची पातळी फारशी हलतच नसे. आता जास्त घातलेले तेल जास्तच राहू लागले. पाच लिटरांच्या चेंबरमध्ये अर्धा लिटर म्हणजे एक दशांश. तीन लिटरांच्या आतल्या चेंबरमध्ये तेच माप जवळजवळ एक पंचमांश होते. इंजिन बदलले होते, आणि हातांना ते कुणी सांगितले नव्हते.

१३/
जास्त तेल पडण्याची आजची कारणे पाहिली, तर त्यांत बेफिकिरीपेक्षा हिशेबाची गफलत अधिक आढळते. पुस्तकात लिहिलेले माप बहुधा नवा फिल्टर धरून असते. फिल्टर न बदलता तेवढेच तेल घातले, की ते जास्त होते. थंड इंजिनातून किंवा चढावर उभ्या गाडीतून जुने तेल पूर्ण निथळत नाही, त्यावर नवे पूर्ण माप पडते. इंजिन बंद करताक्षणी काडी पाहिली, तर तेल अजून वरच्या भागात अडकलेले असल्याने पातळी कमी दिसते; मालक घाबरून भर घालतो, आणि दहा मिनिटांनी वरचे तेल खाली उतरते. शेवटचे कारण अस्सल आपल्या घरचे : डब्यात तळाशी राहिलेले तेल 'आता एवढ्याचे काय करायचे' म्हणून ओतून टाकणे.

बऱ्याच मोटारींत दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटराचे असते. वरच्या खुणेच्या केसभर वर गेले म्हणून आकाश कोसळत नाही. इंजिन बनवणाऱ्यांनी तेवढी सूट ठेवलेली असते. अर्धा-पाऊण लिटर जास्त असेल, तर मात्र ते काढून टाकण्यात कमीपणा वाटून घेऊ नये.

१४/
१९९५ पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल मोटारींना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि पुढे तो सर्वत्र पसरला. त्यामुळे निळ्या धुराची किंमत वाढली. इंजिन ऑइलमधील फॉस्फरस जळून या कन्व्हर्टरवर बसतो आणि त्याला निकामी करतो. पूर्वी प्लग पुसून भागत असे.

१ एप्रिल २०२० पासून 'बीएस ६' नियम लागू झाले. डिझेल मोटारीच्या धुराच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी बसली. ही जाळी अधूनमधून तापवून काजळी जाळावी लागते. त्यासाठी अनेक इंजिने सिलिंडरमध्ये थोडे जादा डिझेल सोडतात आणि त्यातले काही रिंगांवरून चेंबरमध्ये उतरते. गाडी रोज पेठेतल्या पेठेतच फिरत असेल, जाळी नीट तापायच्या आतच बंद होत असेल, तर काही आठवड्यांत काडीवरची पातळी वर चढलेली दिसते. कुणीही तेल घातलेले नसते. घट होईल म्हणून धास्तावणाऱ्या जुन्या चालकाला ही वाढ शुभ वाटते. प्रत्यक्षात ते तेल डिझेलने पातळ झालेले असते आणि बदलण्याच्या लायकीचे असते.

१५/
न घालता वाढणारे तेल शिरोळ तालुक्याने मात्र याआधीच, एका वेगळ्या आणि फार कडू प्रसंगी पाहिले होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा एकाच वेळी फुगल्या. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी पन्नास फुटांच्याही वर गेले. पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. दोन्ही नद्यांचा संगम नृसिंहवाडीला, म्हणजे शिरोळ तालुक्यातच. तालुक्यातील गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली. माणसे आणि जनावरे काढताना गाड्या कोण काढणार? त्या दारात, गोठ्यात, रस्त्याच्या कडेला बुडाल्या. नदीकाठचे पंपही बुडाले. २००५ साली हे एकदा घडून गेले होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा घडले.

१६/
पाणी ओसरल्यावर चिखल धुऊन काढलेल्या गाडीची काडी ओढली, की तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर दिसे. ब्रीदरमधून, काडीच्या नळीतून, हवेच्या वाटेने पाणी आत शिरलेले. तेलाहून पाणी जड, म्हणून ते तळाशी बसते आणि तेलाला वर उचलते. काडीच्या टोकाला मात्र पुसटसे पाण्याचे थेंब लागलेले असतात. अशा वेळी किल्ली फिरवण्याचा मोह हाच सर्वांत घातक. सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सिलिंडर कोरडा असला, तरी चेंबरमधले पाणी आणि तेल एकत्र घुसळले जाते आणि बेअरिंगांना वंगण म्हणून तेच मिळते.

ज्या घराचे धान्य, जनावरे, भिंती गेल्या आहेत, त्या घरात मोटारसायकल किंवा दुधाची गाडी सुरू होते का, हे पाहण्याची घाई कुणालाही होईल. त्या घाईला दोष देता येत नाही. मेस्त्रीला मात्र ती घाई झाली होती की नाही, हे विचारावे लागत नसे. चेंबरखाली घमेले ठेवून तळाचा बोल्ट सैल केला की कळे. किल्ली फिरवली नसेल, तर आधी गढूळ पाणी येई आणि मग मागाहून काळे, दाट, ओळखीचे तेल. फिरवली असेल, तर पहिल्या धारेपासून शेवटच्या थेंबापर्यंत दुधाळ चहासारखे एकच मिश्रण पडत राही.